प्रोसेसरचा उन्हाळा

होळी झाली की नागपुरात दोन प्रश्न एकदम सुरू होतात. गल्लीत लोक एकमेकांना विचारतात, "ताट्या बदलल्या का?" म्हणजे खिडकीतल्या कूलरच्या तिन्ही बाजूंचं जुनं गवत काढून नवं भरलं का. आणि स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडणाऱ्या लोकांचं इंटरनेटवर एक मंडळ आहे, तिथे कुणीतरी विदर्भातला माणूस विचारतो, "प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय, आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असतं, कोणता एअर कूलर घेऊ?" यंदाही विचारलं. खाली लगेच उत्तरांची रांग लागली. एक बेंगळुरूचा, एक पुण्याचा. बेंगळुरूच्या माणसानं आम्हाला उन्हाळा शिकवावा, काय बाप्पा! मी उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. खरं उत्तर द्यायचं तर मला एका अख्ख्या उन्हाळ्याबद्दल बोलावं लागलं असतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांना आधी थोडक्यात सांगते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो किती वेगानं चालावा हे कंपनी ठरवून देते. पण आपल्या जबाबदारीवर त्याला त्याहून जोरात पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. पळतो बिचारा, पण भयंकर तापतो. ती उष्णता काढून घ्यायला त्याच्या डोक्यावर धातूचा एक टॉवर बसवतात, तोच हा एअर कूलर. तांब्याच्या नळ्या, त्यात ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, आणि बाजूला एक पंखा. बस्स. यात बर्फ नाही, पाणी नाही, जादूही नाही. प्रोसेसरची उष्णता नळ्यांमधून वर चढते आणि पंखा ती खोलीतल्या हवेच्या हवाली करतो. पुढे त्या हवेचं काय होतं, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

त्या वर्षी मार्चमध्ये मी पुण्याची खोली सोडून नागपुरात परत आले होते. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी येण्याच्या आदल्या मे महिन्यात बाबा भर दुपारी स्लॅबवरची टाकी पाहायला चढले आणि त्यांना ऊन लागलं. शेजारच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, दोन दिवस सलाईनवर होते. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजाऱ्यांकडून. बाबांचं म्हणणं, "एवढ्याशा गोष्टीले तुले कायले घाबरवाचं?"

माझं काम न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढायचं. बिल्डरच्या जाहिरातीत जी चकाचक इमारत दिसते, झाडाची सावली पडलेली, काचेत ढग दिसणारी, ती तेव्हा फक्त कॉम्प्युटरात असते. मी तिला भिंती, काच, ऊन देते आणि मग प्रोसेसर तासन्‌तास बसून एकेक चौकट रंगवतो. पुण्यात स्टुडिओची मोठमोठी यंत्रं होती. घरी माझं सहा वर्षं जुनं एकच. आमच्या प्रमुख मेघना मॅडम म्हणाल्या, "तीन महिने बघू. रोजचं काम संध्याकाळी सहाच्या आत माझ्याकडे आलं तर तू कायमची नागपुरातून काम कर. नाही जमलं तर पंधरा जूनला परत ये." सरळ बाई होत्या. त्यांनी मुदत दिली, आणि मी यंत्र पळवायचं ठरवलं. ते चाललं तर मी बाबांजवळ राहणार होते. बंद पडलं तर पुढच्या उन्हाळ्यात बाबा पुन्हा त्या घरात एकटे. पुण्याला त्यांना एकदा नेऊन पाहिलं होतं, आठव्या दिवशी पिशवी भरून दारात उभे.

आणि ते स्वतः काय म्हणत होते? रोज सकाळी चहा पिता पिता एकच पाढा. "तू जाय वं पुण्याले. माह्या काळजीनं इथं कायले सडून राहिली? मी काय लहान लेकरू आहो का?" मी चिडायची. एवढं सगळं सोडून आलेय आणि या माणसाला माझी गरजच नाही, असं वाटायचं. मग मीही तोंड फिरवून यंत्राशी बसायची.

बाबा तांडापेठेतल्या विणकराच्या घरात जन्मले. विशीपर्यंत घरच्या हातमागावर बसले, मग माग गेले आणि ते हिंगण्याच्या कारखान्यात भट्टीवर लागले. तीस वर्षं कंपनीच्या बसनं गेले-आले. भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला उन्हाळ्याचं काय कौतुक? "हे काय तापमान आहे? तापमान आम्ही पाह्यलं," म्हणायचे. पण ऊन लागल्यापासून त्यांचं शरीर ऐकेनासं झालं होतं. दुपारी कूलरचा वारा अंगावर नसला की अर्ध्या तासात चेहरा लाल व्हायचा, बोलणं जड व्हायचं. एसी त्यांना सोसत नाही, गुडघे धरतात. घरात कूलर एकच, समोरच्या खोलीच्या खिडकीत. म्हणून त्यांची खाट त्याच खोलीत, माझं टेबल त्याच खोलीत आणि यंत्रही तिथेच.

टॉवर कोणता घ्यायचा यावर मी एप्रिलचे पंधरा दिवस घालवले. किती समीक्षा वाचल्या, किती व्हिडिओ पाहिले त्याला हिशेब नाही. प्रत्येकात तो माणूस शेवटी एक तक्ता दाखवतो आणि खाली बारीक अक्षरात लिहितो, खोलीचं तापमान बावीस. बावीस! आमच्याकडे दुपारी कूलर चालू असताना खोली चौतीसच्या खाली येत नव्हती. हवेवर चालणारा टॉवर हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. त्यांचा सत्तर म्हणजे आमचा ब्याऐंशी. तरी मी तक्ते पाहतच राहिले. पाहणं सोपं वाटतं तोवर माणूस निवड करतच नाही, पाहत बसतो.

शेवटी बाबाच म्हणाले, "चाल, पाहून येऊ. दुकानात हातात घेतल्याशिवाय काय समजते?" आम्ही स्कूटरवर सीताबर्डीला गेलो. सकाळचे साडेदहा, आणि सीटला हात लावता येत नव्हता. दुकानदार बाबांच्याच वयाचे, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी पाण्यावर चालणारा प्रकार काढला, दिवे लागणारा, रबरी नळ्यांचा. "मॅडम, पाण्यावाला घ्या. टॉपचा माल आहे." मी नाही म्हटलं. बाबांना पटेना. "पाण्यावाला हाय तं तोच घे ना. बिना पाण्याचं काय थंड होते?" मी समजावलं की त्यातलं पाणी नळीतल्या नळीत फिरतं, आपल्या कूलरसारखं उडत नाही, आणि शेवटी तेही खोलीतच गरमी सोडतं. शिवाय पंप गेला की सगळंच गेलं. बाबा ऐकत होते, पण त्यांचे डोळे पाण्याच्या नळ्यांवरच होते.

मग समोर दोन टॉवर आले. एकाचे पत्रे दाट, एकाचे थोडे विरळ. तक्त्यात दाटवाला पुढे होता. बाबांनी तो उचलला, नखानं पत्र्यांवरून कडकड आवाज काढला आणि हसले. "हे तं फणी आहे वं आमच्या मागाची." मग तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. दुसऱ्यातूनही मारली. "हा घे, विरळ. आपल्या इथं धूळ भल्ली. दाट फणीत धूळ रुतली की वारा मेला." दुकानदार मान डोलावून म्हणाले, "काका बरोबर सांगून राहिले." मी तोच घेतला. घरी येईपर्यंत मात्र ती निवड माझी झाली होती. इतक्या समीक्षा वाचून शेवटी बाबांच्या फुंकरीवर टॉवर घेतला, हे मी कुणाला सांगणार होते?

उंची मात्र मी चुकीची मोजली. टॉवर बसला, पण यंत्राच्या पेटीचं, म्हणजे कॅबिनेटचं, झाकण बोटभर अंतरानं लागेना. मग काय, झाकण काढून ठेवलं. नागपुरात निम्म्या लोकांची कॅबिनेटं उन्हाळ्यात उघडीच असतात, मला त्यात वावगं वाटलं नाही.

मे लागला. अजूनही तो महिना आठवला की आधी वाळ्याचा वास येतो. कूलरच्या ताट्यांमध्ये बाबांनी गवताबरोबर वाळा भरला होता. सकाळी सात वाजता बोअरचं पाणी पाइपानं टाकीत पडायचं तो आवाज, खिडकीच्या गजांना हात लावला की बसणारा चटका, समोरच्या स्लॅबवर वाळत घातलेल्या कुरोड्या, उकडलेल्या कैरीची सालं, आणि अकरानंतर रस्त्यावर एक माणूस नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली. प्रोसेसरही तसाच असतो. फार तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, कुणाला विचारत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात माझा रोज दुपारी पंच्याण्णवला जायचा आणि ढेपाळायचा. सहा वाजायचे, चौकटी राहिलेल्या असायच्या. मेघना मॅडम फक्त "ठीक आहे" असं लिहायच्या. त्या "ठीक आहे"नं माझी झोप उडाली होती.

मी पंखा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. प्रोसेसर आणि टॉवर यांच्यामध्ये लावतात तो लेप पुसून पुन्हा लावला. बाबा खाटेवरून पाहायचे. एकदा म्हणाले, "किती पायजे तुले?" मी म्हटलं, "ऐंशीच्या खाली राहिला तर सगळं वेळेवर होईल." "अन् नाही राह्यला तं?" "तर पंधरा जूनला पुणे." "बरं आहे ना मंग," ते म्हणाले आणि कूस बदलली.

आणि मग चमत्कार झाला. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारचा आकडा एकदम उतरला. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर. मी आदल्याच दिवशी पंखा दोन बोटं वर सरकवला होता, त्याचंच हे फळ असं मी धरून चालले. कामं पाच वाजताच पूर्ण. मेघना मॅडमनी पहिल्यांदा "वा!" लिहिलं. मला आभाळ ठेंगणं झालं. मी त्या इंटरनेटच्या मंडळावर लांबलचक लेख टाकला, आलेखासह. मथळा काय तर, नागपूरच्या मे महिन्यातही ऐंशीच्या खाली! लोकांनी डोक्यावर घेतलं. तो लेख अजून तिथे आहे. नंतर मी त्याखाली लिहिलं की हे आकडे खरे धरू नका. कुणी वाचत नाही ते.

रोज दोन ते चार माझी पुण्याशी फोनवर बैठक असायची. समोरच्या खोलीत कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नसे, म्हणून मी मागच्या स्वयंपाकघरात दार लावून बसायची, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन. समोर यंत्र चालू, बाबा खाटेवर. नवतपा सुरू झाला होता. उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांना इथे लोक नावानंच घाबरतात. एका दुपारी मेघना मॅडमकडे कुणी आलं आणि बैठक वीस मिनिटांत संपली. मी दोन पेल्यांत पन्हं घेऊन समोर आले.

खाट रिकामी होती. कूलरच्या सगळ्या पट्ट्या टेबलाकडे वळवलेल्या, टेबलही खिडकीशी ओढलेलं, आणि सगळा गार, ओला वारा उघड्या कॅबिनेटमध्ये जात होता. बाबा पलीकडच्या पश्चिमेच्या भिंतीशी, जी दुपारभर तापते, तिथे जमिनीवर उघड्या अंगानं बसले होते. वर्तमानपत्रानं वारा घेत होते. अंगावरून घाम ओघळत होता, पाठ घामोळ्यांनी भरलेली, आणि चेहरा तसाच लाल. मला पाहून ते उठायला गेले, भिंतीला हात टेकवून थांबले.

मी पेले तिथेच ठेवले. पट्ट्या वळवल्या, त्यांना खाटेवर बसवलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. आणि मग बोलले. जे बोलायला नको होतं ते सगळं बोलले. "मराचं आहे का तुम्हाले? काहून केलं असं? ज्यातलं कळत नाही त्याले हात कायले लावता?" बाबांनी पन्ह्याचा घोट घेतला. म्हणाले, "मे महिन्यात सुताले ओल नाही भेटली तं सूत तटातटा तुटे. माह्या बापानं जमिनीवर पाणी शिंपडून, ओले पोते टांगून माग चालवला. आपण उन्हात बसू, पण मागाले ओल द्याचो. मले वाटलं, हे मशीनबी तसंच." मी विचारलं, किती दिवसांपासून? "झाले असतील पंधरा-सोळा. तू फोनवर गेली की फिरवो, येयाच्या आधी परत फिरवो. आकडा उतरला ना पण? तू तं खूश होती."

मी यंत्र बंद करून आत पाहिलं. विरळ पत्र्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला होता, तांब्याच्या नळ्यांची टोकं हिरवी झाली होती, स्क्रूंना गंज. आतून वाळ्याचा वास येत होता. दुसऱ्या सकाळी ते सुरू झालं नाही. सीताबर्डीच्या दुकानदारांनी प्रोसेसर बसतो तो बोर्ड उजेडात धरला आणि एका नजरेत सांगितलं, "मॅडम, ओल बसली. गेला हा. कूलरसमोर ठेवला होता ना? दर मे महिन्यात येतात असे दोन-चार. आपल्या इकडे कोणी घामाघूम दिसलं की लोक कूलर तिकडं फिरवते." बाबा माझ्या शेजारीच उभे होते.

चार दिवसांचं काम गेलं. मेघना मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी समजू शकते, पण ठरलं होतं तसं करू. पंधराला ये." मी हो म्हटलं. दोन दिवस मी बोर्डासाठी हळहळत होते, हे सांगायला मला लाज वाटते. आकडे, मुदत, मोडलेला शब्द, सगळ्याचं दुःख झालं. भिंतीशी बसलेल्या माणसाचं व्हायला दोन दिवस लागले.

ते झालं तेव्हा मी कपाटातली बॅग काढत होते. हातातले कपडे तसेच राहिले आणि मी खाली बसून रडले. टॉवर काही थंड करत नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं, समीक्षांच्या पहिल्या ओळीतच असतं. तो एकाची उष्णता काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. कुणालातरी तिथे बसावं लागतं. सोळा दुपारी ते बाबा होते, ज्यांना अर्ध्या तासात ऊन बाधतं ते बाबा. सकाळी ते मला "जाय" म्हणायचे, आणि दुपारी मला जावं लागू नये म्हणून आपला वारा यंत्राला देऊन तापल्या भिंतीशी बसायचे. मी फक्त सकाळचं ऐकलं होतं. मी तरी दुसरं काय केलं? त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून तीन महिने त्यांच्याकडे पाठ करून आकडे पाहत बसले. ऐंशीच्या खाली, ऐंशीच्या वर. मागे वळून एकदा त्यांची पाठ पाहिली असती तरी घामोळ्या दिसल्या असत्या.

दुपारी जेवायला बसलो. पोळ्या, वांग्याची भाजी, कांदा. बाबा ताटाकडे पाहत म्हणाले, "गाडीचं तिकीट काढलं का?"

"नाही. बाबा, एक खरं सांगा. मी जाऊ का राहू?"

"जाय ना. म्हटलं ना मी."

"मंग वारा मशीनले काहून दिला?"

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. मला वाटलं, आता उठतील. मग मान वर न करता म्हणाले, "तुही माय गेली तेव्हापासून एकट्याले जेवाले नाही होत मले. पोळी घशाखाली उतरत नाही. बिस्किटं खाऊन झोपो. तू आली तेव्हापासून जेवून राहिलो." आणि मग इतक्या हळू की कूलरच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं, "राह्य ना वं."

मी उजवा हात उष्टाच ठेवून, डाव्या हातात फोन धरून, त्यांच्यासमोर मेघना मॅडमना लावला. सांगितलं, मी येत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, मग कामाचं काय करणार?" मी म्हटलं, माहीत नाही, इथे काहीतरी पाहीन. त्या आणखी काहीतरी समजावत होत्या, मी हो-हो म्हणत राहिले. फोन ठेवून पाहिलं तर बाबांनी दुसरी पोळी घेतली होती.